तोंडाला फेस

"भांडी घासणं हा मुळात रसायनशास्त्राचा विषय आहे," हे वाक्य मी बायकोसमोर उच्चारलं नसतं, तर आज दोडोमा शहरात मला थोडीफार किंमत असती.

झालं असं, की आमची ही, दमारी, चर्चच्या गायनवृंदात मागच्या बाकावर उभी राहून उंच सूर लावत असताना ते बाक मोडलं, आणि बाकाबरोबर तिचं उजवं मनगटही मोडलं. सूर मात्र खाली पडेपर्यंत टिकला, असं ऐकणारे अजून कौतुकाने सांगतात. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. हात गळ्यात अडकवून ती दवाखान्यातून आली ती थेट मागच्या अंगणात गेली. तिथे दुपारच्या भांड्यांचा ढीग पडला होता. तो बघून तिने जसा सुस्कारा टाकला, तसा मनगटासाठीसुद्धा टाकला नव्हता.

"आता कुणाला तरी बोलवावं लागणार," ती म्हणाली. "आणि माझ्या भांड्यांना परका हात लागलेला मला चालत नाही."

"परका कशाला? मी आहे ना."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही?"

"त्यात आहे काय एवढं? योग्य साबण निवडला की अर्धं काम झालं," असं म्हणून मी ते रसायनशास्त्राचं वाक्य बोललो. मुलींच्या माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवतोय. त्यातली नऊ वर्षं उपमुख्याध्यापक आहे. माणसाला आपल्या विषयाचा अभिमान असू नये का?

"महिन्याभरात तबिथाच्या सासरचे यायचेत," ती एवढंच म्हणाली. "तोवर भांडी शिल्लक ठेवा."

तबिथा आमची एकुलती एक. सिंगिडाच्या दवाखान्यात नर्स आहे. तिथल्याच गॉडलिसन तेमू नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं आणि मोशीहून त्याची माणसं बोलणी पक्की करायला येणार होती. महिना म्हणजे भरपूर वेळ, असं मला वाटलं.

साबण आणायला मी दुकानात गेलो आणि पाऊण तास तिथे उभा राहिलो. निळ्या साबणाची लांबलचक कांडी, पांढरी कांडी, पिवळी कांडी. एकेक कांडी हातात घेऊन मी वास घेतला, नखाने खरवडली, वेष्टणावरचं बारीक अक्षर वाचलं. शेवटी दुकानदार म्हणाला, "मास्तर, साबण खायचाय का?" मी दुर्लक्ष केलं आणि निळ्याचा वीतभर तुकडा कापून घेतला. निळ्यात विज्ञान जास्त वाटलं, याहून वेगळं कारण मला आज देता येणार नाही.

त्या संध्याकाळी माझ्यासमोर उगालीचं, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचं, करपलेलं पातेलं, म्लेंडाच्या बुळबुळीत भाजीचं भांडं, सुकटीची तेलकट कढई आणि कप-बशा होत्या. कढई सगळ्यांत घाणेरडी, म्हणून मी कढईपासून सुरुवात केली. कठीण प्रश्न आधी सोडवावा, असं मी मुलींना नेहमी सांगतो. मग त्याच पाण्यात कप विसळले. साबण घासून घासून बोटाएवढा उरला, पण फेस म्हणून येईना. पाण्यावर नुसता करड्या रंगाचा साका तरंगायला लागला, नासलेल्या दुधासारखा. मी आणखी साबण घातला, तर साका वाढला.

दमारी स्टुलावर बसून बघत होती. तिने डाव्या हाताने एक वाळलेलं ताट उचललं आणि त्यावरून बोट फिरवलं. ताटावर रेघ उमटली. माझ्या फळ्यावर खडूनेसुद्धा एवढी स्वच्छ रेघ उमटत नाही.

"हे काय आहे?"

"थर," मी म्हणालो.

"कसला?"

"पातळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून मी तीच भांडी पुन्हा घासायला बसलो. आमच्या मागच्या अंगणाला कुंपण नाही आणि शाळेचा रस्ता तिथूनच जातो, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. नववीचा अख्खा वर्ग ओळीने निघाला होता. मला बघून ओळ थांबली. अठ्ठेचाळीस मुली, अठ्ठेचाळीस वेळा गुडघे किंचित वाकवून, "शिकामू सर!" आणि वडीलधाऱ्याने प्रत्येक नमस्काराला उत्तर दिलंच पाहिजे. डाव्या हातात पातेलं, उजव्या हातात तारेची घासणी, आणि मी आपला "मरहबा, मरहबा" करत बसलो. शेवटच्या मुलीने जाताजाता विचारलं, "सर, प्रयोग चाललाय?" मी हो म्हणालो.

हा सगळा प्रकार शेजारचे चिवांगा दारात उभे राहून बघत होते. चिवांगा आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेचे भांडारपाल. परीक्षानळी हरवली तर तेरावा घालतील असा माणूस. ते आले आणि पातेल्यात डोकावून म्हणाले, "साबण बिबण शहरी थेरं, मास्तर. राख आणि वाळू. माझी आजी शंभर वर्षं जगली."

"राखेमुळे?"

"राखेशिवाय दुसरं काय होतं घरात?"

युक्तिवाद कच्चा होता, पण राखेत अल्कली असते हे खरं, त्यामुळे मी मोहात पडलो. चुलीची राख, ओढ्याची वाळू आणि माझा उत्साह. भांडी लखलखली. मी अभिमानाने दमारीला हाक मारली. ती आली, तिने पाहुण्यांसाठीची इनॅमलची ताटं एकेक करून पाहिली आणि विचारलं, "यांच्यावर गुलाब होते. गुलाब कुठे गेले?"

खरंच, नुसते देठ उरले होते.

"घट्ट बसलेले नव्हते," मी म्हणालो.

ती दोन दिवस माझ्याशी फक्त देवाच्या प्रार्थनेपुरतं बोलली.

कोपऱ्यावर बी झुहुराची खाणावळ आहे. भात, घेवडा, तळलेली मासळी. दिवसाला दीडशे ताटं घासणारी बाई. शेवटी मान खाली घालून मी तिच्याकडे गेलो. ती एका पाण्याच्या जुन्या बाटलीतून हिरवट पातळ साबण वापरत होती. बायकांच्या गटाने बनवलेला.

"मास्तर, हा न्या," ती म्हणाली. "पण दोन थेंब हं. वाटीभर पाण्यात दोन थेंब, त्यात घासणी बुडवायची. जास्त घातलात तर मेलात."

आता, दोन थेंब हे काही प्रमाण झालं का? थेंब केवढा? वाटी केवढी? ती मापाने थोडीच बोलत होती! मी घरी येऊन भांडी मोजली, बावीस भरली, आणि सुरक्षित बाजूला राहावं म्हणून अर्धी बाटली ओतली.

फेस आला. पहिली दोन मिनिटं मी खरोखर आनंदात होतो. मग तो टपातून बाहेर आला, माझ्या पायांवरून चिवांगांच्या अंगणात गेला. त्यांच्या कोंबड्या आधी त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि मग ओरडत छपरावर चढल्या. भांडी विसळावीत तितका फेस वाढे. आमच्याकडे नळ मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. त्या बुधवारी मी घरातली तिन्ही पिंपं भांड्यांवर रिकामी केली. गुरुवारी माझी सकाळच्या सभेत भाषणाची पाळी होती. विषय आधीच ठरलेला होता: वैयक्तिक स्वच्छता. मी तीन पिंपांचा धनी, अंघोळ न करता त्यावर वीस मिनिटं बोललो. पहिल्या रांगेतल्या शिक्षिका दुसऱ्या रांगेत गेल्या.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण माझा मान दुखावला होता, आणि दुखावलेला मान घेऊन शास्त्राकडे गेलेल्या माणसासारखा धोकादायक प्राणी नाही. मी ठरवलं, साबण आपण स्वतः करायचा. चरबी आणि कॉस्टिक सोडा. हा प्रयोग मी एकतीस वर्षं फळ्यावर करत आलो होतो. बाजारातून दोन्ही वस्तू आणल्या. फक्त वजन अचूक हवं, म्हणून शाळेचा तराजू मागायला चिवांगांकडे गेलो.

"अर्ज?" चिवांगा म्हणाले.

"अहो चिवांगा, काल तुम्ही आमच्या घरी भुईमूग खाल्लात."

"भुईमुगाला अर्ज लागत नाही. तराजूला लागतो. मुख्याध्यापकांच्या नावे, उपमुख्याध्यापकांच्या शिफारशीने."

मुख्याध्यापक अरुशाला शिबिराला गेले होते आणि त्यांचा कार्यभार माझ्याकडे होता. म्हणून मी अर्ज लिहिला, त्यावर शिफारस केली, मग खुर्ची बदलून तो वाचला आणि मंजूर केला. चिवांगांनी कागद उजेडात धरला. "शिक्का नाही." शिक्का मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि किल्ली अरुशात. "शिवाय कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलंय. घरगुती हे शैक्षणिक कारण नाही." मी ते खोडून 'संशोधन' लिहिलं. खाडाखोड झाली म्हणून अर्ज नव्याने लिहावा लागला. चौथ्या दिवशी अरुशाहून बसने किल्ली आली, शिक्का बसला आणि सगळं जुळून आलं, तेव्हा चिवांगांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तराजू तर तपासणीला गेलाय."

"कधी?"

"गेल्या वर्षी."

"मग हे चार दिवस अर्ज कशाला लिहून घेतलात?"

"मास्तर, तराजू असता तर लागलाच असता ना!"

तेव्हा सोडा मी दुधाच्या पावडरीच्या डब्याने मोजला. अंदाजाने. ॲल्युमिनियममध्ये कॉस्टिक सोडा कालवू नये हे मला पाठ होतं, म्हणून मुद्दाम प्लॅस्टिकची बादली घेतली आणि दमारीला ते सांगितलंसुद्धा. "बघ, तुझ्या पातेल्यांना धक्का नाही लागू दिला. शास्त्र ते शास्त्र." साबण दोन दिवसांत घट्ट झाला. तो महिनाभर मुरू द्यायचा असतो, पण पाहुणे चार दिवसांवर आले होते. मी त्याचे तुकडे पाडले, दमारीच्या सातही पातेल्यांना आतून-बाहेरून जाड लेप दिला आणि करपटपणा सुटावा म्हणून तसाच राहू दिला. ती पातेली ॲल्युमिनियमची आहेत, हे मला सकाळी आठवलं.

काळी पडली होती सगळी. नुसती काळी नाहीत, तर तळाला देवी आल्यासारखे खड्डे पडले होते. सर्वांत लहान पातेल्यातून तर सूर्य दिसत होता.

ही पातेली दमारीने भुईमूग विकून विकून घेतलेली, एकात एक बसणारी. ती आली, स्टुलावर बसली, लहान पातेलं तिने मांडीवर घेतलं आणि त्याच्या भोकावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दुखतंय का हात तुमचा?" तेव्हा मी माझ्या हातांकडे पाहिलं. सालपटं निघत होती. मला तिच्या डोळ्यांत बघवेना.

शनिवारी मोशीचे लोक आले. जेवण बी झुहुराने तिच्याच भांड्यांत करून दिलं, तेव्हा निदान तिथे माझा हात लागला नव्हता. पण चहाचे कप आमचे होते. काचेच्या कपाटातले बारा कप, आणि ते आदल्या संध्याकाळी मीच धुतले होते, माझाच साबण सढळ हाताने चोळून. कपांना काय होतंय, काच तर आहे, हा माझा विचार. तबिथा सकाळीच सिंगिडाहून आली होती, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने चहा ओतला, सगळ्यांना गुडघे टेकून कप दिले आणि भिंतीशी उभी राहिली.

मुलाकडून बोलायला त्याचे थोरले काका होते. भारदस्त माणूस, पांढऱ्या मिशा. तेमूकाकांनी मोठा घोट घेतला, आणि थांबले. मिशीवर फेस होता. एक बुडबुडा बराच वेळ तसाच राहिला. खोलीत कुणी त्याच्यावरून नजर काढीना. फुटला तेव्हा ते म्हणाले, "चहा चांगला आहे. प्यायचा आहे, की अंगाला लावायचा?"

 काकांनी कप खाली ठेवला. "आमच्या मोशीच्या डोंगरात मुलगी कपावरून ओळखतात. पाहुण्यांचे कप घरच्या मुलीने धुवायचे असतात. हे कुणी धुतले?"

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटायला एक क्षण उशीर झाला. त्या एका क्षणाची मला आजही लाज वाटते. कारण तबिथाने माझ्या सोललेल्या हातांकडे पाहिलं, सगळं ओळखलं आणि खाली मान घालून म्हणाली, "मी धुतले, काका. चुकलं माझं."

गॉडलिसन तिच्याकडे बघतच राहिला. दमारीचा चेहरा राखेसारखा झाला. आणि मी उठलो.

"खोटं आहे," मी म्हणालो. "ती आज सकाळी आली. कप मी धुतले. साबणही मीच केला. पातेली मी जाळली, गुलाब मी पुसले. एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतो आणि मला कप धुता येत नाही. माझ्या मुलीत काही खोट नाही. खोट आहे ती..." इथे मला 'सोड्याच्या प्रमाणात' असं म्हणायचं होतं, पण मी सोललेले दोन्ही हात पुढे केले.

"तुम्ही?" तेमूकाका मागे रेलले. "घरात बाई असताना?"

दमारीने प्लॅस्टरचा हात वर केला.

काकांनी प्लॅस्टर नीट निरखलं आणि मला वाटलं, सुटलो. पण ते आपल्या माणसांकडे वळून म्हणाले, "म्हणजे या घरात पुरुष भांडी घासतात. उद्या ही पोर आमच्या गॉडलिसनला घासायला बसवेल. हे तर त्याहून वाईट!"

"बसवेल कशाला? तो बसतोच," आतापर्यंत गप्प बसलेली मुलाची आई म्हणाली. "सात वर्षांचा असल्यापासून घासतो. मीच शिकवलंय."

"काय सांगतेस!" काका म्हणाले. "आमच्या घराण्यात?"

"तुमच्याच घराण्यात भाऊजी. तुम्ही ज्या ताटात जेवता ना दर नाताळला, ते कुणी घासलेलं असतं?"

तेमूकाकांनी नकळत मिशी पुसली. गॉडलिसन छताकडे बघत होता. विहीणबाई उठल्या आणि मला म्हणाल्या, "चला व्याही, दाखवा तुमची भांडी घासायची जागा." मागच्या अंगणात त्यांनी पिंपातलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं आणि लगेच थुंकल्या.

"अहो, हे तर खारं पाणी! यात कांडीच्या साबणाला फेस येईल होय? मास्तर, शाळेत शिकवता तरी काय?"

मागून तबिथाचा हळू आवाज आला. "बाबा, दुष्फेन पाणी. तुम्हीच शिकवलंत."

मीच शिकवलं होतं. दरवर्षी, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात: दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साका तयार होतो. खाली दोन रेघा मारून. परीक्षेत चार गुणांना यायचं. पण ते पाणी फळ्यावरचं होतं. ते आणि आमच्या अंगणातलं पाणी एकच आहे, असा संशय मला एकतीस वर्षांत एकदाही आला नाही.

विहीणबाईंनी बाह्या सारल्या. आधी खरकटं निपटायचं, करपलेलं भिजत घालायचं. तेलकट भांडं आधी कागदाने पुसून घ्यायचं. काच पहिली, ताटं मग, कढई सगळ्यांत शेवटी. आणि पातळ साबण. वाटीभर पाण्यात...

"दोन थेंब," मी म्हणालो.

"बघा, येतंय की!"

बारा कप मी त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा धुतले. होणारी सोयरी मंडळी माजघरातून डोकावून बघत होती आणि रस्त्यावरून जाणाऱ्या तीन विद्यार्थिनी शिकामू करून उभ्याच राहिल्या. दुसऱ्यांदा चहा झाला. काकांनी तो आधी हुंगला, मग प्याले, आणि लग्न ठरलं. सोमवारी वर्गात शिरलो तेव्हा फळ्यावर कुणीतरी सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'दोन थेंब.' मी पुसलं नाही. त्याखालीच धडा लिहिला.

सहा आठवडे पुरे झाले तेव्हा मी दमारीला घेऊन दवाखान्यात गेलो. जाताना मी शीळ घालत होतो. प्लॅस्टर कापलं. डॉक्टरने मनगट फिरवायला सांगितलं. ते अर्ध्यापर्यंत आलं आणि अडलं. हाड जरा तिरकं बसलंय, म्हणाला. व्यायाम करा, पण पूर्वीसारखं पूर्ण वळेल असं सांगवत नाही.

 घरी आल्यावर ती कपडेही न बदलता मागे गेली, टपाशी बसली आणि त्या काळ्या पातेल्यांतलं एक उचललं. धरलं, वळवायला गेली आणि ते हातातून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. आता तिचा उंच सूर तेवढा उरला, असं काहीतरी गमतीचं बोलावं म्हणून मी शब्द जुळवायला गेलो. ते मेले जुळेनात.

"ऊठ," मी म्हणालो. "स्टुलावर बस."

मी बसलो. कप घासले, मग ताटं, मग पातेलं. ती बघत होती. शेवटचं ताट विसळून मी तिच्यापुढे धरलं. तिने डाव्या हाताने ते उलटं केलं, मागच्या तेलकट डागावर बोट ठेवलं, आणि माझ्या हातात परत दिलं.

मी पुन्हा दोन थेंब घेतले.